कर्नल चालू लागले

"कर्नल, मागे फिरा! अंपायरनं नॉटआऊट दिलान!" सगळी वाडी सड्यावरच्या मैदानाभोवती बोंबलत होती. फायनलला दोनच धावा हव्या होत्या, विकेट शेवटची. आणि कीपरने झेलाचं अपील करताच आमचे शेजारी, फौजेतून निवृत्त झालेले, एकेकाळचे रणजीपटू, बॅट काखोटीला मारून मांडवाकडे निघाले. एरवी यांच्या नुसत्या 'गुड मॉर्निंग'ने आमच्या कलमांचा मोहोर गळतो. आज मात्र मान खाली घालून नुसते चालत राहिले. टेनिस बॉलच्या क्रिकेटात आपणहून बाद होणारा माणूस कोकणाने पाहिलाच नव्हता. आम्ही हरलो. तरी संध्याकाळपर्यंत त्यांच्या सचोटीची कीर्ती मी पार हेदवीच्या गणपतीपर्यंत पोचवली. मग त्यांच्या पडवीत जाऊन विचारलं, "बॉल बॅटला लागला होता ना हो?"

गुडघ्याला तेल चोळत ते म्हणाले, "नाही. उभं राहवत नव्हतं."