नैवेद्याआधी चाखलेला रस

अक्षय्य तृतीयेची सकाळ. अमरावतीकडच्या मालेगावपासून दोन कोसांवरचं आमचं गाव, काळ पन्नासच्या दशकातला... मी तेरा वर्षांची. आणि नेमकी त्याच सकाळी माझ्या आईला पाळी आली.

तेव्हा पाळी म्हणजे बाईने चार दिवस गोठ्याच्या पडवीत बसायचं. चुलीकडे फिरकायचं नाही, कशाला शिवायचं नाही. त्यात रम्य काही नव्हतं, हे आजच्या मुलींना सांगून ठेवते. पण आजचा विषय तो नाही.

विषय असा की माझी मोठी बहीण विमल लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येत होती आणि सोबत तिची सासू होती. कामरगावचं मोठं घर. सासूबाईंनी आधीच निरोप पाठवला होता... येतो, जेवतो, मग सुनेला ठेवायचं की परत न्यायचं ते पाहू. विमल लग्नापासून एक दिवसही माहेरी राहिली नव्हती.

भावकीतल्या बायका आपापल्या चुलीत अडकलेल्या. सणाच्या दिवशी कोण कोणाकडे येणार? मी वेणी वर बांधली आणि म्हटलं, मी करते.

"जमन का व तुले?" बाबा म्हणाले. मी चूल पेटवली.

आई पडवीतून ओरडून सांगत होती, मी आतून हो म्हणत होते. सरगुंडे तिने आधीच करून ठेवले होते. कणकेची बारीक दोरी काडीला गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची आणि ते पोकळ तुकडे वाळवायचे... सणाला वाफवून रसासोबत वाढायचे. ते मी वाफवले. वरण झालं, भजी झाली. खरी परीक्षा पुढेच होती, रसाची.

आमच्या शेतात आंब्याची दोन झाडं. एक साखऱ्या, नावासारखा गोड. दुसरं निव्वळ लोणच्याचं, फळ पिकलं तरी दात आंबवणारं. त्या वर्षी आंबा लवकर पाडाला आला आणि बाबांनी घाईत दोन्ही झाडांचे आंबे एकाच आढीत घातले. पिकल्यावर दोन्ही सारखेच पिवळे! सालीवरून कळेना, वासावरून कळेना.

मी पडवीत जाऊन विचारलं, "माय, साखऱ्या कोनता, वळखू कसा?"

"चाखल्याबिगर नाई कळत," आई म्हणाली. आणि लगेच, "पन चाखजो नको बरं! पितराइचा निवद हाय."

आता काय करायचं ते करा...

त्या दिवशी पितरांना आधी घास द्यायचा, मगच माणसांनी तोंड लावायचं. मी टोपलीसमोर बसून विचार केला. आंबट रस वाढला तर विमल दुपारीच परत. चाखला तर पितर रागावणार. पितर मी कधी पाहिले नव्हते. विमलला पाहिलं होतं, सासरी निघताना.

मी एकेक आंबा घेतला. देठाकडचा चीक पिळून टाकला आणि एक थेंब डाव्या तळहातावर घेऊन चाटला. उजवा हात स्वच्छ ठेवला, एवढी अक्कल होती. गोड तो पातेल्यात, आंबट तो बाजूला.

शेवटचा आंबा चाटून मान वर केली, तर दारात विमलच्या सासूबाई उभ्या. लुगड्यावर गाडीवाटेची धूळ. त्यांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि पाय धुवायला निघून गेल्या.

चाखलेले आंबे फेकून द्यावेत असं क्षणभर वाटलं. पण दुसरे पिकलेले आंबे नव्हते. मी हात धुतला आणि रस काढायला लागले.

बाबांनी निखाऱ्यावर पितरांचा घास ठेवला. पंगत बसली. सासूबाईंनी रस दोनदा घेतला. विमलची मान खाली. मी तिसऱ्यांदा वाढायला गेले.

जेवण आटोपताच त्या उठल्या आणि सरळ पडवीकडे गेल्या. आईपासून चार हात लांब बसल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे.

"इहीनबाई, तुमच्या पोरीनं पितराइच्या आधी रस चाखला. म्या डोयानं पाह्यलं."

आईचा चेहरा उतरला. "लहान हाय हो अजून..."

"आयका तं खरं. मी नवी सून होती तवा न चाखता रस केल्ता. सारी पंगत तोंडं वाकडी करून बसली. आमचे दीर अजून इचारतात, वयनी, आज रस हाय का चिचेचं सार? तवापासून मीबी चाखतो, दार लावून." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे पोरगी दार लावाले इसरली, येवढंच चुकलं तिचं."

आई हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

विमल मृग लागेपर्यंत माहेरी राहिली. आणि पाचव्या दिवशी आई न्हाऊन घरात आली ती थेट आढीकडे गेली. उरलेल्या, अजून सालीवरून ओळखू येणाऱ्या कच्च्या आंब्यांच्या दोन आढ्या केल्या, बाबांना शेजारी उभं करून.

पुढे मी अमरावतीला कॉलेज केलं, संसार केला. सणाचा रस अजूनही मीच काढते. आज सकाळी तळहात चाटताना नातसुनेने पाहिलं. "आजी, नैवेद्याच्या आधी?"

हो, आधी. पितरांना आंबट वाढायचं नाही, हा माझ्या घरचा नियम आहे. तो ज्या बाईंमुळे मोकळेपणी पाळता आला, त्यांना आज पहिला घास मनातून दिला...

आणि स्वयंपाकघराचं दार मी लावत नाही.