अण्णांची गाडी जागची हलेना

गॅरेजात किस्से कसे जमतात, सांगू? नटबोल्टासारखे! गाडी खोलताना सगळे आपापल्या जागी असतात. बसवताना मात्र दोन-चार उरतातच. गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि आपण ते उरलेले हातात घेऊन बसतो. हे कुठले होते बुवा?

माझ्याकडे असे बरेच उरलेत. त्यातले बहुतेक एकाच गाडीचे. चारचौघांत मी ते हसत हसत सांगतो, पण खरं सांगायचं तर त्यातला एकही माझ्या फायद्याचा नाही.

गाडी बसवराज अण्णांची. अण्णा मूळ उदगीरचे, डाळ मिल लातूरला. हैदराबादहून त्यांनी एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. परदेशी, टर्बोवाली, लालभडक आणि वजनानं म्हशीसारखी. त्या साली लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. नळ कोरडे, टँकर दहा दिवसांनी. आणि उदगीरकडं वेगळीच हवा होती. उदगीर जिल्हा होणार! या पंधरा ऑगस्टला नाही तर सव्वीस जानेवारीला, पण होणारच!

अशा दिवसांत आम्ही चार महिने काय करत होतो? तर ती गाडी उभ्या जागेवरून लवकर कशी पळेल, ते बघत होतो.

* * *

पहिल्या दिवशी अण्णा आले ते तोंड पाडूनच.

"मिलिंद, गाडी इज्जत घालवून राहिली."

"काय झालं?"

"सिग्नलला उभा होतो. बाजूला ॲपे. आत नऊ माणसं, वर शेळी. हिरवा लागला, मी दाबला ॲक्सिलेटर. गाडी नुसती घुरघुर! ॲपे गेला की रे पुढं! आणि त्यो ड्रायव्हर मागं वळून म्हणतो, 'अण्णा, धक्का देऊ का?'"

मी हसलो. अण्णा हसले नाहीत.

"ते चाललं असतं," ते म्हणाले. "पण परवा लग्नात नांदेडचे साडू भेटले. शंकरराव. शंभर माणसांत म्हणाले, 'अण्णा, तुमची गाडी तुमच्या जिल्ह्यासारखीच हाय. आवाज लई, पण जागची हलंना!'"

उदगीरच्या माणसाला त्या साली याच्याहून वाईट कुणी बोलूच शकलं नसतं. शंकररावांची गाडी छोटी, हलकी, पण सुटायची बाणासारखी. शर्यत तिथंच ठरली होती. अहमदपूरच्या पुढं, नांदेड रोडला. उभ्या जागेवरून सुटायचं, विजेच्या विसाव्या खांबापर्यंत.

"तू पुण्यात शिकून आलास ना?" अण्णांनी विचारलं.

पुण्यात मी दोन वर्षं एका वर्कशॉपात गाड्या पुसल्या होत्या. पाने हातात मिळाले ते शेवटच्या चार महिन्यांत.

"हाव," मी म्हणालो. "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे."

* * *

माझ्या गॅरेजात रशीदभाई होते. उस्ताद! उभी हयात ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं दुरुस्त करण्यात गेलेली. डिझेल पंप खोलायला मला त्यांनीच शिकवलं. पण मी लॅपटॉप घेतला आणि हळूहळू ते माझे 'मदतनीस' झाले. कधी झाले, मलाही कळलं नाही. कळलं असतं तरी मी काही बोललो नसतो.

रशीदभाई म्हणाले, "मियाँ, पहिले पाइपां देख लेंगे?"

मी म्हणालो, "उस्ताद, ये ट्रॅक्टर नै है."

तीन दिवस मी लॅपटॉप जोडून बसलो. टर्बोचा दाब वाढवला, आकडे बदलले, अण्णांना स्क्रीनवर रंगीत आलेख दाखवले. चौथ्या दिवशी अण्णा बार्शी रोडला ट्रायलला गेले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेवटी फोन.

"मिलिंद, मी मुरुडात हाय."

"मुरुडात? एवढ्या लांब? कसं काय?"

"जागेवरनं तशीच निघाली, बैलगाडीवानी. मी दाबून धरला. मग मधीच तिच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक! अशी सुटली, अशी सुटली की ब्रेक मारायचं ध्यानातच आलं न्हाई!"

"म्हणजे पॉवर वाढली ना, अण्णा!"

"अरे, मला नीट निघायचं होतं!" अण्णा ओरडले. "मुरुडला कुणाला जायचं होतं?"

* * *

मग मी वजनावर आलो. हलकी गाडी लवकर सुटते, हे खोटं नाही. स्टेपनी काढली. जॅक, स्पीकर, मागचं सीट, खालचा गालिचा, सगळं काढलं. गाडी अण्णांच्याच मिलच्या वजनकाट्यावर नेली, तुरीचे ट्रक मोजतात त्या. बघायला हमाल जमले.

काढलेलं सगळं सामान भरलं नव्वद किलो. मी खूश! मग अण्णा म्हणाले, "आता मला धरून बघ."

अण्णा बसले. काट्यावरचे लाल आकडे सरसर वर गेले. एकशे अठरा किलोनं.

माझ्या शेजारी रशीदभाई हळूच पुटपुटले, "सबसे वजनी पुर्जा तो स्टिअरिंग के पीछे है."

ते फक्त माझ्यासाठी होतं. पण मी हसलो. लई मोठ्यानं हसलो, आणि वर ते वाक्य सगळ्यांना मराठीत सांगितलं! हमाल हसले. अण्णा खाली उतरले, काट्याकडं एकदा बघितलं आणि ऑफिसात निघून गेले.

चार दिवसांनी अण्णांच्या घरून वहिनींचा फोन. "मिलिंदभाऊ, ह्यांना काय झालंय? ताटावर बसतात आणि अर्ध्या भाकरीवर उठतात. विचारलं तर बोलून न्हाई राहिले. तुम्हाला काय म्हणाले का?"

मी म्हणालो, "गाडीचं टेन्शन असेल, वहिनी."

* * *

आता हा किस्सा मी कधी कुणाला सांगत नाही. आज सांगतो.

टर्बो म्हणजे काय, तर एक पंखा. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर त्याला फिरवतो आणि तो पंखा इंजिनात हवा कोंबतो. गाडी उभी असली की धूर कमी, म्हणून पंखा झोपलेला. त्यात कोंबलेली हवा वाटेत कुठं गळत असेल, तर तो जागा होतो तेव्हा उशीर झालेला असतो.

एक दिवस मी सामान आणायला गेलो होतो. परत आलो तर रशीदभाई बॉनेटमध्ये. टर्बोच्या तोंडावर त्यांनी एक प्लॅस्टिकचं झाकण आवळून बसवलं होतं. झाकणाला भोक पाडून ट्रॅक्टरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लावला होता आणि त्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडत होते. एका हातात वाटी, वाटीत साबणाचं पाणी.

"पाणी कुठलं?" मी पहिलं तेच विचारलं. आमची टाकी कोरडी होती.

"मेरा पीने का."

ते पाणी ते बोटानं पाइपांवर लावत होते. एका क्लॅम्पच्या खाली, रबराला, लिंबाएवढा फुगा आला. फुटला. परत आला.

"देखो," ते म्हणाले. "यहाँ से रो रही है बेचारी."

पाइप बदलला. गाडी पहिल्यांदा जागेवरून अशी उठली, की माझं डोकं सीटवर आपटलं! संध्याकाळी अण्णा आले. एक चक्कर मारून खाली उतरले, डोळ्यांत पाणीच.

"कसं सापडलं रे?"

रशीदभाई दहा फुटांवर हात पुसत उभे होते. मी म्हणालो, "तीन दिवस डेटा बघत होतो, अण्णा. त्यात दिसलं."

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये माझा सत्कार! शाल, नारळ, पेढे. अण्णा म्हणाले, "आपल्या लातूरचा पोरगा, पण पुण्याला भारी!" टाळ्या पडल्या. रशीदभाईंनीही वाजवल्या. गॅरेजात परत आल्यावर त्यांनी नारळ फोडला, अर्धा मला दिला आणि एवढंच विचारलं, "शाल ऊन की है क्या, मिलिंदसाब?"

त्या दिवसापर्यंत मी 'मियाँ' होतो. त्यानंतर कायम 'साब'.

* * *

गाडी बरी झाली होती. राहिलं होतं ते गाडी जागेवरून सोडायचं कसब. क्लच दाबून धरायचा, इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांवर न्यायचं, पंखा आधीच जागा करायचा, आणि मग क्लच अर्धा सोडायचा. कमी सोडला तर क्लच जळतो, एकदम सोडला तर चाकं जागच्या जागी फिरतात. सरावाला आम्ही अहमदपूरच्या बाजूला एक सरळ कच्चा-पक्का रस्ता शोधला. माझं गाव तिथून जवळच. तो भाग मला पाठ, असं मी अण्णांना सांगितलं होतं.

एका दुपारी मीच गाडीत बसलो. "अण्णा, बघा आता कशी सोडतो!" साडेतीन हजार, आणि पाय एकदम सुटला. मागची दोन्ही चाकं फिरली आणि तांबडी धूळ उडाली, अशी की आरशात काही दिसेना.

धूळ बसली तेव्हा आरशात दिसली बायांची रांग. मागं बाभळीच्या आडोशाला टँकर उभा होता. मी येताना बघितलाच नव्हता. घागरी, हंडे, कळशा, बहुतेक भरलेल्या. आणि सगळ्यांवर आमची धूळ.

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एक म्हातारी बाई चालत काचेपाशी आली. मी काच खाली केली.

"तू कमलबाई मास्तरणीचा ना रं?"

"हाव."

"तुझ्या आईनं शिकवलं माझ्या दोन्ही पोरींना. एक तलाठी हाय आता." तिनं गाडीत वाकून बघितलं. "आई बरी हाय का?"

"बरी आहे."

"तिला जयभीम सांग. सरुबाई भेटली व्हती म्हण."

आणि ती परत गेली. पदर दुहेरी करून एका रिकाम्या हंड्यावर धरला आणि दुसऱ्या हंड्यातलं पाणी त्यातून गाळायला लागली. मी गाडीतून उतरलो नाही. उतरायला पाहिजे होतं, एवढं तेव्हाही कळत होतं.

आईला तो निरोप मी अजून दिलेला नाही. कुठं भेटली म्हणून विचारलं तर काय सांगू?

* * *

आणि मग शर्यत.

रविवारी सकाळी दोन्ही गाड्या रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या. रस्ता मोकळा. अण्णांच्या गाडीत अण्णा, शंकररावांच्या गाडीत शंकरराव, विसाव्या खांबाशी रशीदभाई आणि सुटायच्या जागी मी, मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन. अडचण एकच. रुमाल पाडणार कोण? मी पाडला तर शंकरराव मानणार नाहीत, त्यांच्या माणसानं पाडला तर अण्णा.

लिंबाखाली एक म्हातारे बाबा सायकल घेऊन बसले होते. कॅरियरला दोन बाजूंनी पाण्याचे दोन डबे. उपरण्यानं घाम पुसत होते.

"बाबा, एवढं उपरणं वर धरून खाली सोडाल का?" मी विचारलं.

"सोडतो की. त्यानं काय होईल?"

"या दोन गाड्या सुटतील."

"कुठं जायाचंय त्यांना?"

"त्या तिकडच्या खांबापर्यंत."

बाबांनी डोळ्यांवर हात धरून खांबाकडं बघितलं. "तिथं काय हाय?"

"काही नाही, बाबा."

"परत येनार?"

"हो."

बाबांनी मान हलवली. समजल्यासारखी नाही, ऐकून घेतल्यासारखी. मग दोन्ही गाड्यांच्या पुढं मधोमध उभे राहिले आणि उपरणं वर धरलं. अण्णांनी इंजिन साडेतीन हजारावर नेलं. शंकररावांची गाडी किंचाळायला लागली. चार महिन्यांची मेहनत एका उपरण्यावर आली होती. मी बोट स्टॉपवॉचवर ठेवलं आणि दाबूनही टाकलं!

उपरणं खाली येईना.

बाबांनी ते वरच धरून ठेवलं. या गाडीत बघितलं, त्या गाडीत बघितलं. मग ते अण्णांच्या खिडकीपाशी गेले. आवाजात काही ऐकू येईना, म्हणून अण्णांनी इंजिन खाली आणलं. शंकररावांनीही आणलं.

"न्हाई, म्हटलं, रिकामेच चाललात," बाबा म्हणाले. "माझं घर त्या खांबापाशीच हाय. चढ लई हाय, सायकल वढंना. एकेक डबा घेता का?"

अण्णांनी शंकररावांकडं बघितलं. शंकररावांनी समोर बघितलं. मग अण्णा खाली उतरले, एक डबा स्वतः उचलला आणि शेजारच्या सीटवर ठेवून त्याला बेल्ट लावला. दुसरा शंकररावांनी मांडीवरच घेतला, कारण त्याला झाकण नव्हतं.

दोन्ही गाड्या निघाल्या. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलेटरला पाय न लावता. बाबा रिकामी सायकल ढकलत मधून चालत होते, आणि एकदा या खिडकीशी, एकदा त्या खिडकीशी वाकून सांगत होते.

"हळू... हळू... सांडंल!"

अण्णा आणखी हळू झाले. शंकरराव त्यांच्याहून हळू.

खांबापाशी रशीदभाई हात वर करून उभे होते, पहिला कोण ते बघायला. पहिले पोचले बाबा.