उडणाऱ्याला कोण अडवणार

सायली मला पत्ते शिकवते आहे. राजा-राणीचे नव्हेत; यातल्या प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी आहे आणि प्रत्येकाची लढायची तऱ्हा वेगळी.

"हल्ला केला की पत्ता आडवा करायचा, बाबा. म्हणजे तो दमला. आडवा पत्ता कुणाला अडवू शकत नाही. हा लांडगा मात्र हल्ला करूनही उभाच राहतो."

लांडगा मला आवडला. माझ्या हातातली गड्डी तिच्या ताईची. मुग्धा गेल्यापासून सायलीसमोर बसायला कुणी नव्हतं, म्हणून मी बसतो. पत्त्यांच्या प्लास्टिकवर अजून मुग्धाच्या बोटांचा चिकटपणा आहे. पत्ता ओढला की क्षणभर पलीकडूनही कुणी धरून ठेवल्यासारखा वाटतो.

सायलीने घार पुढे सरकवली. "उडणाऱ्याला उडणाराच अडवू शकतो."

माझे सगळे प्राणी जमिनीवरचे. सगळे उभे, सगळे जागे. दवाखान्यात मुग्धाच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्या रात्री आम्हीही असेच होतो. मी, हिची आई, दोन्ही मामा. कुणाचा डोळाही लागला नव्हता. आमच्या डोक्यांवरून ते कधी आत गेलं, कळलंच नाही.

"ताईच्या गड्डीत उडणारा एकही नाही," सायली म्हणाली.

"घालू या का एखादा?"

"नको. तिची आहे तशीच राहू दे."

घाव घालण्याआधी समोरच्याला विचारायचं, असा नियम आहे. "बाबा, अडवतोस?" माझ्याकडे काय काय आहे, ते तिला पाठ आहे. तरी दर वेळी ती विचारते, आणि दर वेळी मी सगळे पत्ते पुन्हा एकदा पाहून घेतो.