फुवांची पावती

आमच्या फुवांनी ज्याला दंड केला नाही असा दोन किंवा चार पायांवर चालणारा एकही जीव धुळे-जळगाव रस्त्यावरच्या आमच्या गावात शिल्लक नव्हता. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक. गळ्यात शिट्टी, काखेत पावतीपुस्तक आणि नाक असं की बाजारात कोबीचं पान सडलं तरी वास यांना कचेरीत यायचा. नगराध्यक्षांच्या म्हशीने भर चौकात शेण टाकलं, तेव्हा फुवांनी पावती फाडून सुतळीने तिच्या शिंगाला बांधली. म्हशीने ती थेट अध्यक्षांच्या अंगणात पोचवली. एका वरातीत तर नवरदेवाला घोड्यावरून उतरवून पानाची पिंक धुवायला लावली. एकदा स्वतःच्याच हातून शेंगांची टरफलं सांडली, तर स्वतःच्या नावे पावती लिहून आत्याला म्हणाले, "आरोपी शहाणा शे. लगेच कबूल झाला."

मी तेव्हा पत्रकं काढायचो. फुवांवरही काढलं: 'शिट्टीची हुकूमशाही बंद करा'. पान खाणाऱ्या हमालाला दंड आणि गटारी तुंबवणारा ठेकेदार मोकळा, हे मी आजही लिहीन. फुवांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "विचार चांगला शे, पुढारी. पण चिकटवलं कुठे? भिंत पालिकेची." आणि पावती फाडली.

मग सुरतेला प्लेग निघाल्याची बातमी आली. गावाने तोंडाला रुमाल बांधले, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या, पालिकेने थुंकण्यावरचा दंड वाढवला. फुवांचा तर सणच. सकाळपासून शिट्टी.

एका दुपारी सुरतेच्या एसटीतून आमच्याच गावच्या पिंजाऱ्याची मुलगी उतरली. तिकडे ती साड्यांना टिकल्या लावायचं काम करायची. कडेवर दोन वर्षांची पोर. उतरताच पोर ओकली, आणि सगळा स्टँड मागे सरला. "हिले माघारी धाडा," कोणीतरी ओरडलं. कंडक्टर दारात आडवा उभा राहिला, "मी नाही घेणार." पुढे गाव येऊ देईना, मागे गाडी घेईना. पोर रडायला लागली. एकाने दगड उचलला. मी पत्रकांचा गठ्ठा टाकून बाकावर चढलो आणि घटना, माणुसकी, मूलभूत हक्क, सगळं सांगितलं. कोणीही ऐकलं नाही.

तेवढ्यात शिट्टी वाजली. फुवा गर्दीतून वाट काढत सरळ बाईपुढे जाऊन उभे राहिले.

"सार्वजनिक जागी घाण. दंड. नाव?"

बाईने कसंबसं सांगितलं.

"पत्ता?"

"पिंजारवाडा, साहेब."

"मोठ्याने."

"पिंजारवाडा. मशिदीच्या मागे."

फुवांनी पावती लिहिली, दंड स्वतःच्या खिशातून भरला आणि पावती गर्दीपुढे धरली. "शिक्का बघून घ्या. पालिका बाहेरच्याला दंड करत नाही. दंड झाला म्हणजे बाई आपली शे. आता हिची वाट अडवेल त्याला रहदारी अडवल्याचा दंड. एकेकाला. सगळ्यांना. बठ्ठा स्टँडले."

शुद्ध थाप. आदल्याच आठवड्यात त्यांनी पंजाबच्या एका ट्रकवाल्याला दंड केला होता आणि साक्षीदार मी होतो. अधिकाऱ्याचं धडधडीत खोटं ऐकून मी तोंड मिटून राहिलो, ते आयुष्यात पहिल्यांदा. माझी मूलभूत हक्कांची यादी ज्यांच्या कानात शिरली नाही ती माणसं जांभळा शिक्का बघून बाजूला झाली. दगडवाल्याने दगड हळूच खाली ठेवला. फुवांनी ओकारीने भरलेली पोर खांद्यावर घेतली आणि भर बाजारातून सरकारी दवाखान्यात नेली.

पोरीला गाडी लागली होती, एवढंच. डॉक्टरांनी काही दिवस वेगळं ठेवलं आणि मायलेकींना घरी सोडलं. पिंजारवाड्यात त्यांना कोणी हटकलं नाही. पण पोर खांद्यावर घेतलेला माणूस गावाच्या डोळ्यांत बसला तो बसलाच. चहावाला फुवांचा कप लांबून सरकवायचा. ते चौकात आले की लोक दुसऱ्या गल्लीने जायचे. चौक इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. ना पिंक, ना कागद, ना माणूस. मधोमध फुवा उभे, आणि शिट्टी वाजवायला कारणच नाही.

मला ते बघवेना. पलीकडच्या गल्लीतल्या हातगाडीवरून एक केळं घेतलं, त्यांच्यासमोर उभं राहून खाल्लं आणि साल त्यांच्या पायाशी टाकली.

फुवांनी त्या सालीकडे पाहिलं. मग त्यांनी पावतीपुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "नाव?"