घडणावळ माफ

बेंगळूरला दागिने घ्यायला कुठे जायचं, भाव कसा पाडायचा, असं बऱ्याच जणी विचारतात. म्हणून नव्वदच्या दशकातली आमची एक खेप सांगते. माहिती कामाची आहे. मजा येईलच असं नाही.

खरं तर आम्ही दागिन्यांसाठी गेलोच नव्हतो. आईच्या पोटात गाठ निघाली आणि बेळगावच्या डॉक्टरांनी बेंगळूरला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. बाबांनी ऑपरेशनसाठी बँकेतली ठेव मोडली. मी तेव्हा बावीस वर्षांची, एकुलती एक. रातराणीने निघालो. सकाळी शहराबाहेरच्या पीण्या वसाहतीतल्या कारखान्यांची छपरं दिसायला लागली तशी आईने केस सारखे केले. मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर उतरून जवळच लॉज घेतला, दिवसाला दीडशे. खाली उभ्याउभ्या खायचं हॉटेल होतं. तिथे इडली-वडा आणि बाय-टू कॉफी, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले. आईला ती पद्धत भारी आवडली. "बघ, न मागताच निम्मी किंमत," म्हणाली.

आईची घासाघीस आमच्या गल्लीत प्रसिद्ध होती. कुणाच्याही घरची लग्नाची खरेदी असो, बायका तिला बोलवायला यायच्या. तिचे नियम लिहून घ्या, आजही चालतात. हिऱ्याच्या भावाला हात लावायचा नाही, दुकानदार बिथरतो. घडणावळीवर, म्हणजे मजुरीवर, अडून बसायचं. पर्स उचलून एकदा तरी उठायचं. आणि भाव ठरेपर्यंत दुकानातली कॉफी प्यायची नाही, कारण कॉफी प्यायलं की माणूस मिंधा होतो.

दुसऱ्या दिवशी तपासण्यांचे कागद आले. डॉक्टरांनी बाबांना आणि मला आत बोलावलं, आई बाहेर बाकावर. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. सहा महिने, फार तर. दाराशी बाबांनी माझं मनगट धरलं. "तिला कळता कामा नये." तेव्हा घरोघरी असंच करायचे, आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाहेर येऊन बाबा हसत म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही म्हणाले." तसं ते खोटंही नव्हतं.

आईचा चेहरा खुलला. "मग पैसे वाचलेच की! हिच्यासाठी कुड्या घेऊ. सात हिऱ्यांच्या. परत कशाला येतोय आपण बेंगळूरला?"

बाबांना नाही म्हणता येईना. औषधं घेऊन येतो सांगून ते हॉस्पिटलातच थांबले. त्यांना एकट्याने रडायचं असावं. मलाही रडायचं होतं, पण मी रिक्षा शोधत होते.

चिकपेटला, म्हणजे तिथल्या सराफ बाजाराला, आता मेट्रोने थेट जाता येतं. तेव्हा रिक्षावाल्याने आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच सोडलं, आत हातगाड्या आणि माणसं. पेढी पहिल्या मजल्यावर, जिना उभा. तिसऱ्या पायरीवर आई दम खायला बसली. "तू हो पुढे, मी आलेच."

आणि मी ती चूक केली. पेढीचे मालक साठीचे, कित्येक पिढ्या बेंगळुरातच राहिलेल्या मराठी घरातले. मी घाईघाईने म्हणाले, "अण्णा, आई येतेय. तिचे फार दिवस राहिले नाहीत. तिला माहीत नाही. भावावरून ताणू नका, तिला झेपणार नाही."

आई आली. कुड्या पसंत पडल्या. सदतीस हजार, त्यात घडणावळ चार. कॉफी आली, तिने पेला बाजूला सारला आणि पदर खोचला.

"घडणावळ फार होते, अण्णा. दोन करा."

"घडणावळ बेडा, अक्का. काहीच नको. तेहेतीस द्या."

आई थबकली. "मजुरी कोण सोडतं? मग कारागिराला काय देणार?"

"ते मी बघतो. तुम्ही स्वल्प बसा. दमलात."

हे त्यांनी मान खाली घालून म्हटलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जन्मभर दुकानदारांचे चेहरे वाचलेली बाई ती. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. पर्सकडे गेलेला हात तिने मागे घेतला, कॉफीचा पेला उचलला आणि सावकाश सगळी कॉफी प्यायली.

उतरताना ती पुन्हा त्याच पायरीवर बसली.

"किती दिवस म्हणाले?"

"सहा महिने."

बराच वेळ ती माझा हात चोळत राहिली. मग म्हणाली, "मला कळलंय हे बाबांना सांगू नकोस. कोलमडतील."

परतीच्या बसमध्ये बाबा पुढच्या वर्षी म्हैसूरला जायचे बेत सांगत होते आणि आई हो हो म्हणत होती. मी खिडकीबाहेर बघत होते.

बेळगावात दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या बायका जमल्या. कितीने पाडलास भाव? आई नेहमीसारखी रंगात आली. "घडणावळच सोडवली! पर्स उचलली, जिन्यापर्यंत गेले, तर धावत आला मागून. विचारा हिला!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी हो म्हटलं.

आई पाच महिन्यांत गेली. तिला काहीच कळलं नव्हतं, या समाधानात बाबाही पुढे गेले.

घासाघीस मला आजतागायत जमलेली नाही. दुकानदाराने आपणहून भाव कमी केला की मी घाईने मूळ भावच मोजते. कुड्या मात्र रोज घालते. कुणी विचारलं की पर्स उचलून जिन्यापर्यंत गेलेल्या आईची गोष्ट सांगते, अगदी तिच्या हातवाऱ्यांसकट. कॉफीचं आज पहिल्यांदा सांगितलं.