चपला कोणी राखायच्या

ज्या माणसाने डहाणूच्या किनाऱ्यावर जन्मभर पोटरीच्या वर पाणी लागू दिलं नाही, तो माणूस माझ्याआधी प्रवाळ बघून आला. हे लिहिताना आजही मला राग येतो.

तो माणूस म्हणजे आमचे हे. डहाणू रोडला रेल्वेत नोकरी. नव्वदीच्या दशकात कधीतरी यांनी पास काढला आणि आम्ही दोघं कोचीपर्यंत गाडीने, पुढे जहाजाने लक्षद्वीपला गेलो. तिथल्या एका बेटावर झोपड्यांचं छोटंसं रिसॉर्ट होतं आणि त्याच्या अंगणातच पर्यटकांना समुद्राखाली नेणारं स्कूबाचं केंद्र. एका मासिकात त्याचे फोटो पाहिल्यापासून मी झपाटले होते. आमचा डहाणूचा समुद्र म्हणजे दूध जास्त झालेला चहा. ओहोटीला लांब आत जाऊन बसतो आणि येताना चिखल घेऊन येतो. त्यात डोकं घालून काही दिसेल तर शपथ! मला एकदा पाण्याचा तळ डोळ्यांनी बघायचा होता.

आणि त्याला माझ्याइतकी लायक बाई दुसरी कोण? माझं माहेर उधव्याचं, गुजरातच्या हद्दीलगत. पाठीला पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधून मी विहिरीत पोहायला शिकले ती दुधाचे दात पडायच्या आत. कुणाची कळशी विहिरीत पडली आणि गळाला लागेना, की हाक मला. छातीत श्वास कोंडून बुडी मारायची, तळ चाचपायचा आणि कळशीसकट वर. "हिच्या छातीत लोहाराचा भाता आहे," असं आमचे बाबा येईल-जाईल त्याला सांगत. त्या भात्याचा मला एवढा गर्व, की निघण्याआधी मी क्वार्टरमधल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं, "मी समुद्राच्या तळाशी जाणार आणि हे होडीत बसून माझ्या चपला राखणार."

"राखीन की," हे म्हणाले. "तुझ्या चपला काही उलट बोलत नाहीत."

शिकवणारा तरुण निघाला वलसाडचा. म्हणजे आमच्या उधव्याचा शेजारीच! मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. गुजराती मला येतेच, त्याला मोडकं मराठी येत होतं. डहाणूहून नेलेले, वाटेत पिकलेले चिकू मी निम्मे त्याच्या हवाली केले. त्याने ते सालासकट खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला नापास केलं.

हो, नापास! छातीएवढ्या पाण्यात वाळूवर गुडघे टेकून बसायचं, पाठीवर हवेची टाकी, तोंडात रबराची नळी, आणि फक्त श्वास घ्यायचा नि सोडायचा. त्याने आधीच बजावलं होतं, श्वास कोंडायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुग्यासारखी फुगते, कोंडून धरली तर फुप्फुस फाटतं. मी शहाण्यासारखी मान डोलावली. पण डोक्यावरून पाणी गेलं, की श्वास आपोआप कोंडला जाई. मी तपश्चर्येला बसल्यासारखी बसलेय, बुडबुडा एक नाही. तो घाबरून खांदा हलवतोय आणि मी हाताने सांगतेय, काळजी नको, मी अजून टिकेन.

"बेन, श्वास रोकशो नहीं!" वर आल्यावर तो अगदी रडकुंडीला आला.

"अरे, मी विहिरीच्या तळातून कळश्या काढल्यात."

"तेव्हा पाठीवर हवा होती?"

"नव्हती."

"आता आहे ना? मग वापरा की!"

उत्तर बिनतोड होतं, म्हणून जास्तच राग आला. तीनदा बसवलं, तिन्हीदा तेच. तेवढ्यात काठावर माझ्या चपला घेऊन उभे असलेले हे म्हणाले, "मी बघू का जरा?"

बघा म्हटलं. मनात म्हटलं, आता गंमत. हे बसले, आणि घुर्र... फुस्स, घुर्र... फुस्स! रोज रात्री घोरून क्वार्टरच्या भिंती हलवणारा तोच ताल. बुडबुड्यांची नुसती माळ. हाताच्या खुणा तर एकदाच सांगाव्या लागल्या; सिग्नल पाळण्यात हयात गेलेली.

"काका एकदम फर्स्ट क्लास!"

दुपारी होडी निघाली. हे काळ्या रबरी पोशाखात भरल्या वांग्यासारखे दिसत होते. ते गेले खाली, आणि मी होडीत, यांच्या चपलांशेजारी. ज्याला पोहता येत नाही तो तळाशी आणि पोहणारी वर? हा कुठला न्याय? पाण्यावर यांचे बुडबुडे फुटत होते, एकेक मला वाकुल्या दाखवत. मी डावी चप्पल उचलली आणि दिली समुद्रात भिरकावून. मेली बुडेना. होडीवाल्याने वल्ह्याने ओढून परत आणून ठेवली.

हे वर आले. चेहरा नुसता उजळलेला.

"काय दिसलं?"

"अगं, सांगता येणार नाही."

सांगता येणार नाही! कामावर कुणाच्या डब्यात कुठली भाजी होती ते रोज रंगवून सांगणारा माणूस!

दुसरा दिवस बेटावरचा शेवटचा. सकाळीच मी केंद्रावर जाऊन त्या वलसाडवाल्याला फैलावर घेतलं. शेजारधर्म काढला, चिकू काढले, यांना पोहता येत नाही तेही काढलं. तो उलट हसायला लागला.

"बेन, एवढं बोललात, पण श्वास नाही कोंडला."

"बोलताना कोण कोंडेल?"

"मग पाण्यात बोला. हेच बोला."

बोलले! वाळूवर गुडघे टेकून, नळीतून, त्याच्याच तोंडावर. चिकू खाऊन उलटलास, फुस्स. यांना आधी नेलंस, फुस्स. बुडबुडे कसे खळखळून वर गेले. त्याने बोटांचं गोल कडं करून दाखवलं, म्हणजे पास.

या वेळी दोघांच्या चपला होडीवाल्याकडे. मी बडबडत खाली गेले. आणि मग ते समोर आलं. निळंशार पाणी, फांद्याफांद्यांचं प्रवाळ, त्यातून पिवळे मासे पाखरांच्या थव्यासारखे वळत होते. पोपटाच्या चोचीचा एक हिरवा मासा प्रवाळ खात होता, आणि तो आवाज ऐकू येत होता, पापड मोडल्यासारखा. मी गप्प झाले. आणि गप्प झाले तशी अर्थातच भाता बंद.

दंडाला चिमटा बसला. वळून बघते तर हे. काचेआड डोळे मोठे केलेले, आणि हाताची बोटं चोचीसारखी उघडमीट करताहेत: बोल. अगं, बोल! लग्न झाल्यापासून "जरा गप्प बसशील का" म्हणणारा माणूस.

बोलले मग. काय बोलले ते त्या हिरव्या माशाला माहीत. पण एक दिवस आधी बघून आले ते हेच, आणि ती अढी मी अजून सोडलेली नाही.