संच्यातला समुद्र

उन्हाळ्यात आमच्या मांजलपूरच्या घरी आंब्याचं आइस्क्रीम संच्यातच, म्हणजे हाताने फिरवायच्या लाकडी पॉटमध्येच बनतं. डब्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ, दांडा फिरवायला मी आणि "वितळेल, झाकण उघडू नकोस!" म्हणायला आई.

यंदा मला राहवेना. संच्यातलं थोडं गार, खारं पाणी घेऊन त्यात खायचा लाल रंग घातला आणि आता मासे नसलेल्या काचेच्या पेटीतल्या कोमट पाण्यात अलगद सोडलं. लाल धार थेट तळाला गेली आणि तळातळानं पलीकडच्या काचेपर्यंत धावली! ध्रुवाजवळचं पाणी असंच गार, खारट आणि जड होऊन बुडतं, समुद्राच्या तळातून जगभर फिरतं!

"आई, बघ!"

तिने बघितलं. मग संच्यातलं उरलेलं गार पाणीही रंग घालून तिनेच पेटीत ओतलं.

आइस्क्रीम आम्ही पेल्यातून प्यायलो.